तुकड्यांतून ठेका: संगणकावर सॅम्पलमधून बीट कशी घडते

सॅम्पल म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणातून कापून घेतलेला आवाजाचा तुकडा. तो कधी ढोलकीच्या एका थापेएवढा लहान असतो, कधी चार-आठ मात्रांच्या सुरावटीएवढा लांबही असतो. असे तुकडे निवडायचे, कापायचे, त्यांची पट्टी आणि गती बदलायची आणि नव्या क्रमाने मांडायचे. त्यातून जे वाद्यसंगीत उभे राहते त्याला हिप-हॉपमध्ये बीट म्हणतात. बीट म्हणजे नुसता ठेका नव्हे. ड्रम, खर्जाची ओळ म्हणजे बास, सुरावट आणि शब्दांसाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा हे सारे तिच्यात येते, आणि त्यावर रॅपर आपले शब्द म्हणतो. आज हे काम साध्या लॅपटॉपवर होते. सॉफ्टवेअरची बटणे लवकर समजतात. तुकडा नेमका कुठे कापावा हे कळायला मात्र कान तयार व्हावा लागतो, आणि या कलेतले बहुतेक शिक्षण कानाचेच आहे.

तुकड्यांवर संगीत उभारण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर या रेडिओ अभियंत्याने बातिन्योल स्थानकावरच्या आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांच्या तुकड्यांतून एक रचना केली. तबकडीवरची सर्पिल खाच एका जागी वर्तुळात बंद केली की सुई तिथेच फिरत राहते आणि तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा येतो, हे तंत्र तो हेतुपुरस्सर वापरत असे. आजच्या लूपचा हा पूर्वज. पण शेफरचे काम प्रयोगशील संगीताच्या वर्तुळात राहिले. बीटचा जन्म झाला तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या नाचाच्या पार्ट्यांत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, मूळ जमैकाच्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावल्या. गाणे आणि इतर वाद्ये थांबून नुसते ड्रम वाजू लागले की नाचणाऱ्यांना सर्वाधिक चेव येतो, हे त्याने हेरले होते. या भागाला ब्रेक म्हणतात आणि तो काही सेकंदांत संपतो. तो लांबवण्यासाठी हर्कने दोन टर्नटेबल वापरण्याची रीत रूढ केली. एकावरचा ब्रेक संपला की दुसऱ्यावरचा सुरू करायचा आणि तेवढ्या वेळात पहिल्याची सुई मागे न्यायची. संगणकातला लूप आज हेच काम करतो.

या ब्रेकांमध्ये सर्वांत जास्त वापरला गेलेला तुकडा जेमतेम सात सेकंदांचा आहे. ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या १९६९ च्या रेकॉर्डवर मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार आवर्तने एकटा ड्रम वाजवतो. पहिली दोन आवर्तने जवळपास सारखी आहेत. तिसऱ्यात स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचा, शेवटचा ठोका किंचित उशिरा पडतो. चौथ्यात समेवर जवळजवळ मोकळी जागा येते आणि मग झांजेचा मोठा आवाज अपेक्षेआधी कोसळतो. चार आवर्तनांतला हा छोटा प्रवास ज्याला उलगडता आला, त्याला बीटचे पहिले व्याकरण कळले. आधी ठेका कानात बसवायचा, मग तो किंचित मोडायचा आणि समेवर परत यायचे. १९८८ मध्ये ‘एन. डब्ल्यू. ए.’ या रॅप गटाने हा तुकडा रॅपखाली वापरला. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या जंगल आणि ड्रम अँड बेस या शैलींनी तो वेगवान करून, एकेक ठोका सुटा काढून, शेकडो रीतींनी पुन्हा जोडला. गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला, ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचा ठेकाही असाच असंख्य बीट्सचा पाया झाला.

रेकॉर्डवरून तुकडा यंत्रात आला तो १९८० च्या दशकात. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या यंत्रात सगळे मिळून सुमारे दहा सेकंदांचाच आवाज मावत असे. त्यावर कलाकारांनी युक्ती काढली. ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून मुद्रित करायची, म्हणजे ती कमी जागा घेते. मग यंत्रात तिचा वेग पुन्हा उतरवायचा. या उतरवण्यात आवाजाला एक खरखरीत, रवाळ पोत येई. जागा वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड त्या काळच्या न्यूयॉर्क हिप-हॉपची ओळख होऊन बसली, आणि आज संगणकातला स्वच्छ आवाज तसा खरखरीत करण्यासाठी खास प्लगइन मिळतात. १९८८ मध्ये रॉजर लिन याने रचलेले अकाई एमपीसी६० आले. चार ओळींत चार-चार रबरी पॅड, प्रत्येक पॅडवर एक तुकडा आणि बोटांनी वाजवायचे, ही त्याची मांडणी इतकी सोयीची ठरली की आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत आणि फोनवरच्या ॲपांतही सोळा चौकोनांची तीच जाळी दिसते.

संगणक आवाज साठवतो तो आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात आवाजाच्या लहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ संभाव्य पातळ्यांपैकी एकीवर बसवले जाते. एसपी-१२०० मध्ये सेकंदाला सुमारे २६,००० मोजमापे आणि ४,०९६ पातळ्या होत्या. त्याच्या रवाळपणाचे कारण बऱ्याच अंशी या आकड्यांत आहे. आवाज आकड्यांत आला की तो शब्दांसारखा कापता, चिकटवता, उलटा करता येतो आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. नवशिक्याला याचा मोठा फायदा असा की कोणतीही चूक मागे घेता येते.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम चालते त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. बेल्जियमचे एफएल स्टुडिओ आणि बर्लिनचे एबलटन लाइव्ह ही बीट करणाऱ्यांत लोकप्रिय आहेत. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट मिळते. एलएमएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्सवर चालते, आणि बँडलॅब ब्राउझरमध्येच उघडते. यांपैकी कोणतेही एक घ्यावे आणि निदान वर्षभर बदलू नये. बरे हेडफोन मात्र हवेतच, कारण लॅपटॉपच्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही आणि जे ऐकू येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. पॅडचा कीबोर्ड नंतर घेतला तरी चालतो. संगणकाच्या कळांवर बोटे मारूनही ठेका वाजवता येतो. कळ दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर सेटिंगमधला बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवला जाणारा आवाजाचा भाग, कमी करावा. २५६ मोजमापांच्या बफरला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा उशीर बोटांना जाणवत नाही.

पहिला खरा धडा कापण्याचा. एखादे ध्वनिमुद्रण घेऊन ते निदान तीन-चारदा डोळे मिटून ऐकावे आणि जिथे एकच वाद्य वाजते, जिथे गायक श्वास घेतो, जिथे सूर विरत जातो त्या जागा लिहून ठेवाव्यात. लोकप्रिय धून उचलण्यापेक्षा अशा आडवाटेच्या जागा जास्त कामाच्या असतात, कारण त्या अर्धवट असतात आणि त्यांना पूर्ण करण्यात नवे काही करायला वाव राहतो. मग पडद्यावर लहर मोठी करून ठोक्याच्या अगदी सुरुवातीला काप द्यावा. काप ठोक्याआधी पडला तर वाजवताना तुकडा सतत मागे पडतो. उशिरा पडला तर थापेचा कडक आरंभच निघून जातो आणि आवाज बोथट होतो. लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कापले किंवा दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांचा चढ-उतार दिला, तर टक असा खटका येत नाही. सॉफ्टवेअर आपोआप ठोके ओळखून काप देते. सुरुवातीला ती सोय बंद ठेवून हाताने शंभरेक काप द्यावेत. कान त्यातून तयार होतो. असे आठ-दहा काप पॅडवर लावून उलटसुलट वाजवत बसले की मूळ गाण्यात नसलेली एखादी सुरावट हाताला लागते. सॅम्पलवर काम करण्यातला सर्वांत मोठा आनंद या क्षणी आहे, आणि त्याची घाई करू नये.

दोन तुकडे एकत्र वाजवायचे तर त्यांची गती आणि पट्टी जुळायला हवी. गती मिनिटाला किती ठोके यात मोजतात. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटमध्ये एक ठोका ०.६७ सेकंदाचा, तर चार ठोक्यांचे आवर्तन २.६७ सेकंदांचे होते. रेकॉर्डचा वेग वाढवला की गतीबरोबर पट्टीही चढते. ‘आमेन’चा ब्रेक मिनिटाला साधारण १३६ ठोक्यांचा आहे, तो जंगल शैलीच्या १७० वर नेला तर वेग सव्वापट होतो, आणि सव्वापट कंपन म्हणजे षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंतची चढण. दुप्पट वेगाला तार षड्ज येतो. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर वाजवली की आवाज शुद्ध मध्यमाच्या जरासा वर जातो. हार्मोनियमवर बोटे फिरलेल्या विद्यार्थ्याला हे गणित लगेच उमगते. आजचे सॉफ्टवेअर पट्टी तशीच ठेवून गती बदलू शकते. त्यासाठी ते आवाजाचे अतिशय बारीक कण करून ते दाट किंवा विरळ मांडते. बदल थोडा असला तर हे कळत नाही, जास्त ताणले की आवाज थरथरतो किंवा धातूसारखा वाजतो. ड्रमच्या बाबतीत ताणण्यापेक्षा ठोके सुटे करून नव्या गतीवर मांडणे चांगले. प्रत्येक ठोक्याचा पोत त्यात जसाच्या तसा राहतो. जुनी रेकॉर्ड बहुधा नेमक्या पट्टीत नसते. तिला सूक्ष्म प्रमाणात वर-खाली करून बासशी जुळवणे कानानेच करावे.

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आवर्तनाचे सोळा घरांचे कोष्टक असते. चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. किक म्हणजे खर्जाचा मोठा ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या आसपास, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर, हाय-हॅट म्हणजे जोडझांज दर दुसऱ्या घरात, हा हिप-हॉपचा मूळ साचा. तीनतालाच्या सोळा मात्रा या घरांत एकेक बसतात, पण म्हणून तो तीनताल होत नाही. इथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या स्नेअरवर असते. टाळी-खालीची कल्पना या साच्यात नाही. दादऱ्याच्या अंगाने जाणारा ठेका हवा असेल तर सॉफ्टवेअरमधले मोजमाप सहाचे करावे आणि आवर्तन बारा घरांचे घ्यावे. रूपकासाठी सातचे मोजमाप आणि चौदा घरे. ही सेटिंग बदलायची राहते म्हणूनच पुष्कळ नवशिक्यांच्या बीटमध्ये देशी ठेके अवघडल्यासारखे वाजतात.

कोष्टकात ठोके नेमके घरात बसवले की ठेका बरोबर असतो आणि तरी निर्जीव वाटतो. माणूस वाजवताना प्रत्येक ठोका तंतोतंत जागेवर पाडत नाही आणि प्रत्येकाचा जोरही सारखा ठेवत नाही. रॉजर लिनने आपल्या यंत्रांत यावर एक उपाय दिला, त्याला स्विंग म्हणतात. घरांच्या प्रत्येक जोडीतले दुसरे घर थोडे उशिरा सरकवायचे. ९० च्या गतीला दोन घरांचा मिळून वेळ ३३३ मिलिसेकंद असतो. ५० टक्के स्विंगला दुसरा ठोका बरोबर मध्ये, १६७ व्या मिलिसेकंदाला पडतो. ५८ टक्क्यांना तो १९३ व्या मिलिसेकंदाला येतो. फरक २६ मिलिसेकंदांचा, पण मान डोलावी की नाही हे त्यावर ठरते. ६६ टक्क्यांच्या आसपास तिस्र जातीचा झोका येतो. एकच ठेका ५०, ५४, ५८, ६२ अशा टक्क्यांवर लागोपाठ ऐकणे हा नवशिक्यासाठी उत्तम रियाज आहे.

या सरकवण्याची कला टोकाला नेली ती डेट्रॉइटच्या जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला याने. त्याने कोष्टक बंद ठेवून हाताने वाजवले, एवढेच सांगितले जाते. पण ते अर्धे सत्य आहे. त्याच्या बीट्समध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या चाली असतात. हाय-हॅट सरळ चालतो, स्नेअर किंचित लवकर येतो, बास रेंगाळतो. प्रत्येक वाद्याला स्वतःचा काळ मिळतो आणि तरीही आवर्तन मोडत नाही. ‘डोनट्स’ हा त्याचा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचे एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे. शिकणाऱ्याने त्याचा एखादा ठेका कानाने ऐकून, घराघराने सरकवत, आपल्या संगणकावर जसाच्या तसा उतरवण्याचा प्रयत्न करावा. दहा व्हिडिओ पाहून जे कळत नाही ते एका ठेक्याच्या नकलेत कळते. ही नक्कल सरावापुरती ठेवावी.

आता थर, म्हणजे एकावर एक वाजणारे आवाज. सॅम्पलमध्ये मूळ गाण्याचा बास असतोच, आणि त्यावर नवा बास घातला की दोन्ही मिळून चिखल होतो. म्हणून सॅम्पलवर खालचा भाग गाळणारा फिल्टर लावावा आणि साधारण १५० हर्ट्झखालचा भाग काढून टाकावा. उलट, सॅम्पलमधला बासच हवा असेल तर वरचे सगळे गाळावे. गाणे ओळखू येत नाही आणि खर्जाची गुबगुबीत ओळ शिल्लक राहते. किक आणि बास एकाच जागेसाठी भांडतात. किक पडताच बास क्षणभर दबेल अशी कॉम्प्रेसरची, म्हणजे आवाजाचा जोर आपोआप दाबणाऱ्या साधनाची, जोडणी केली की भांडण मिटते. किक पट्टीत लावणेही आवश्यक आहे. रोलंड टीआर-८०८ या १९८० च्या यंत्राची घुमणारी किक तर स्वतःच एक सूर असते आणि ती बीटच्या षड्जाशी जुळली नाही तर सगळेच बेसूर वाटते.

चार आवर्तनांचा लूप चांगला जमला की तिथेच अडकून पडणे ही सर्वसाधारण अवस्था आहे. यातून बाहेर पडायला नवे काही घालण्यापेक्षा असलेले काढून पाहावे. दर आठ आवर्तनांनी किक एका ठोक्यापुरती वगळावी, पुढच्या आठात सॅम्पल फिल्टरखाली दाबावे, ध्रुवपदाला सगळे एकदम सोडावे. रॅपसाठी बीट असेल तर मधल्या पट्ट्यातल्या सुरावटी विरळ ठेवाव्यात, कारण माणसाचा आवाज तिथेच असतो. मिक्सिंगबद्दल सुरुवातीला दोन गोष्टी पुरतात. कोणताही ट्रॅक लाल रेषेला लागू द्यायचा नाही, मुख्य पातळी शून्याच्या सहा डेसिबल खाली ठेवायची. आणि तयार बीट हेडफोन, गाडीतला स्पीकर, फोन अशा तिन्ही ठिकाणी ऐकायची.

तुकडे आणायचे कुठून? मुंबईच्या चोर बाजारात अजून जुन्या रेकॉर्ड मिळतात आणि ऐकण्याच्या शिक्षणासाठी त्या अमूल्य आहेत. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात सुरू झालेल्या फ्रीसाउंड या संग्रहात लोकांनी मुद्रित केलेले आवाज वापराच्या अटींसह मिळतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘सिटिझन डीजे’ या प्रकल्पातून मुक्त वापराची जुनी ध्वनिमुद्रणे बीट करणाऱ्यांसाठीच खुली केली. पण महाराष्ट्रातल्या शिकणाऱ्याजवळ यांहून मोठा साठा आहे. हलगी, संबळ, दिमडी, ढोलकी, ताशा, तुणतुणे यांचे एकेक सुटे ठोके कमी-जास्त जोराने, थोड्या अंतरावरून मुद्रित करावेत. फोन चालतो, फक्त मुद्रणाची पातळी खाली ठेवावी, नाहीतर ताशाचा कडाका फाटतो. एकाच थापेचे चार-पाच नमुने घेतले आणि ते आलटून पालटून वाजवले तर ठेका यांत्रिक वाटत नाही. तयार पॅकमधल्या ढोलांपेक्षा अशा आवाजांत जीव जास्त असतो.

हक्कांचा प्रश्न शेवटी ठेवला तरी तो पहिल्या बीटपासून लागू होतो. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेवर आणि दुसरा त्या विशिष्ट मुद्रणावर. सॅम्पल प्रकाशित करायचे तर दोन्ही धारकांची परवानगी लागते. काही सेकंद चालतात, हा समज चुकीचा आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्की याच्याविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पल वापरणे रेकॉर्ड कंपन्यांना परवडेनासे झाले. लता मंगेशकरांनी ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटासाठी गायलेले, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेले ‘थोडा रेशम लगता है’ २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात परवानगीशिवाय वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये बप्पी लाहिरींचे नाव दिल्याशिवाय त्या अल्बमची विक्री करण्यास मनाई झाली. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, रचनेवरचा मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाचे उदाहरण घेतले तर मुद्रणाची मुदत २०११ अखेर संपली, पण संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींवरचा हक्क २०३५ अखेरपर्यंत आहे.

कायद्याच्या पलीकडे एक साधे देणेही आहे. ‘आमेन’चा ब्रेक हजारो रेकॉर्डवर वाजला, पण तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याबद्दल काहीही मिळाले नाही, २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत मरण पावला. म्हणून प्रत्येक बीटबरोबर एक नोंद ठेवावी: तुकडा कोणत्या मुद्रणातला, कोणी वाजवलेला, कोणत्या अटीवर घेतलेला. गावातल्या हलगीवाल्याचा किंवा संबळवाल्याचा ठेका मुद्रित करायचा असेल तर त्याचे मानधन, श्रेय आणि पुढच्या उत्पन्नातला वाटा मुद्रणाआधीच ठरवावा आणि तो लेखी द्यावा.